शेजारची सीट

३ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोन केलाही असता, पण तुमच्या घरचा फोन म्हणजे जेवणाच्या टेबलावरची सभा. मी ‘हॅलो’ म्हणायचा अवकाश, लेक, जावई आणि आपली नात चिमणी, तिघं एकदम बोलायला लागतात आणि तुम्ही मागून ‘माझा नमस्कार सांगा’ एवढंच म्हणता. या वेळी मला फक्त तुमच्याशी बोलायचं आहे. टपाल दुपारी येतं आणि तेव्हा घरात तुम्ही एकट्याच असता, एवढं मी लेकीकडून काढून घेतलं आहे.

तर, मला एक गाडी घ्यावीशी वाटते आहे. जुनी, दुसऱ्याने वापरलेली. स्पोर्ट्स कार.

चष्मा पुसून पुन्हा वाचलंत तरी तेच लिहिलेलं असेल.

झालं असं. माझ्या शिकाऊ मंडळींना मी उलटी गाडी घ्यायला ज्या गल्लीत नेते, तिथे एका निवृत्त दंतवैद्यांचं घर आहे. परवा एका बाईंनी मागे घेता घेता गाडी थेट त्यांच्या फाटकाकडे नेली. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. तो मी दाबला आणि आम्ही वीतभर अंतरावर थांबलो. मान वळवून बघते तर मागच्या काचेत ही. गडद हिरवी, ठेंगणी, दोनच सीटची, वर कापडी छत, आणि पुढे ‘विकणे आहे’ असा पुठ्ठा. त्या बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होत्या. त्यांना धीर द्यायचा सोडून मी गाडीच बघत बसले.

दंतवैद्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आहे. गाडीत बसता येतं, उठता येत नाही. दोनदा शेजाऱ्याने काखेत हात घालून बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

आता तुम्हालाच का विचारते? तुम्ही सगळी नोकरी इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवर काढलीत. डॉक्टरांच्या हातची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचल्याशिवाय गोळी दिली नाहीत. मला असं कुणीतरी हवं आहे. आमच्या मिस्त्रींना विचारलं तर ते इंजिनाचं सांगतील, माझं नाही.

आणि अडचण माझीच आहे. एप्रिलमध्ये शाळा बंद करून मी तुमच्याकडे कायमची राहायला यायचं, मागची खोली माझी, आणि शाळेच्या पांढऱ्या गाडीतून चिमणीला दुपारी बालवाडीतून आणायचं, असं लेकीने ठरवलं आहे. मी ‘बघू’ म्हटलं होतं. तिने त्याचा ‘हो’ करून टाकला. पण ही गाडी घ्यायची तर पांढरी द्यावी लागेल, आणि दोन सीटच्या गाडीत लहान मुलाची खुर्ची बसत नाही. तुमच्या दारात दुसरी गाडी उभी करायला जागा नाही ते वेगळंच. म्हणजे हिरवी गाडी घेणं आणि तुमच्याकडे राहायला येणं, यातलं एकच काहीतरी होणार.

लेकीच्या कानावर घालू नका. अजून काही ठरलेलं नाही.

तुमची ड्रायव्हर विहीण


९ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र दोनदाच नाही, चारदा वाचलं. मग ते माझ्या लोकरीच्या पिशवीत तळाशी ठेवलं. त्या पिशवीत हात घालायची या घरात कुणाला कधी गरज पडत नाही.

तुम्ही औषधवालीला विचारलंत, तर औषधवालीसारखंच सांगते. कुठल्याही बाटलीवर गुण पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहितात आणि बाकीचं मागे बारीक अक्षरात. तुम्ही मला पुढची बाजू कळवलीत. हिरवा रंग, कापडी छत. मागची बाजू मी वाचते. ती गाडी ठेंगणी आहे म्हणून दंतवैद्य तीत अडकले. तुम्ही आणि मी काही विशीत नाही. कापडी छत म्हणजे पावसात छत्री. दोन सीट म्हणजे सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न. आणि ती बिघडली की भाग मिळायला महिना लागणार, तोपर्यंत तुम्ही बसने फिरणार.

हे माझं मत नाही हं, घरच्या दृष्टीने सांगते. इथे तुमची वाट बघणं चालू आहे. मागच्या खोलीला रंग दिला. पडदे चिमणीने निवडले, त्यांच्यावर बदकं आहेत. तेव्हा आल्यावर तुम्हाला बदकांत राहावं लागेल. तुमची लेक ऑफिसातून येते ती आधी त्या खोलीत डोकावते आणि मग चप्पल काढते. तिची फार ओढाताण होते. बालवाडी दुपारी सुटते तेव्हा रोज कुणाला तरी विनवावं लागतं. कधी शेजारीण, कधी माझा मुलगा काम अर्धं टाकून. मी गेले असते, पण माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत.

तुम्ही विचारलं नाहीत तरी मी एक विचारते. तुम्हाला गाडी हवी आहे, की इकडे यायचं नाही? दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात, पण उपचार वेगळे आहेत.

रागावू नका. पत्र मीच जाऊन टाकते आहे, बालवाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर पेटी आहे. कुणाला देण्यापेक्षा ते बरं.

तुमची,
खिडकीवरची


१७ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून मी काल गाडी चालवून बघायला गेले, आणि जे केलं ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. हसायचं तर हसा, मीही रात्रीपर्यंत हसत होते.

दंतवैद्य फाटकाशी किल्ली हातात धरून उभे. गाडी पुसून ठेवलेली, छत मागे दुमडलेलं. मी नमस्कार केला, चाकं बघितली, एक फेरी मारली. मग दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला, आरशाकडे बघितलं. आरशात झाड दिसत होतं. आरसा माझ्याकडे बघतच नव्हता.

मी शेजारच्या सीटवर बसले होते.

ते जरा थांबले. त्यांना वाटलं असावं, बाईंना संकोच वाटतोय, आधी मालकाने चालवून दाखवावी अशी इच्छा असेल. सज्जन माणूस. कण्हत कण्हत दुसऱ्या बाजूने येऊन बसले आणि गाडी सुरू केली. आणि मला, देवाशपथ, तरीही कळलं नाही. गल्लीच्या टोकाला मी सवयीने ‘इंडिकेटर’ म्हटलं, त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर उशीर झाला होता. ‘चुकून बसले’ असं कुठल्या तोंडाने सांगणार? दारावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावणारी बाई मी.

पूर्ण फेरीभर माझा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. परत आल्यावर त्यांना बाहेर काढायला शेजाऱ्याला बोलवावं लागलं. त्या अवस्थेतही त्यांनी विचारलं, ‘कशी वाटली?’ मी म्हटलं, ‘छान चालवता.’

घरी येऊन चहा ठेवला आणि हसू थांबलं. हे होते तेव्हा घरची गाडी हे चालवायचे, मी शेजारी. सकाळ-संध्याकाळ शिकाऊ चालवायचे, मी शेजारी. मी चालवते ती पेट्रोल पंपापर्यंत आणि मिस्त्रींच्या गॅरेजपर्यंत. अर्ध्या गावाला गाडी मी शिकवली, विहीणबाई, आणि स्वतःच्या हाताने, मनात आलं म्हणून, कुठे गेले ते आठवायला बसले तर आठवेना.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला उत्तर असं, की मला अजून माहीत नाही. तुमच्याकडे यायचं म्हटलं की मला ती बदकांची खोली दिसते, आणि तुम्ही सगळे दिसता, आणि मी पुन्हा शेजारच्या सीटवर बसलेली दिसते. लेकीचा संसार ती चालवणार आणि मी ब्रेकवर पाय ठेवून बसणार. तिला ते आवडणार नाही आणि मला पाय उचलता येणार नाही. पण चिमणीला आणायला रोज कुणाला तरी विनवावं लागतं हे वाचून झोपही लागली नाही.

मिस्त्रींनी गाडी बघितली. इंजिन चांगलं, क्लच दमलेला, छत एका कोपऱ्यात गळतं. दंतवैद्य महिनाभर थांबायला तयार आहेत.

हे सगळं तुमच्या त्या लोकरीच्या पिशवीत जाऊ द्या.

तुमची विहीण


२६ फेब्रुवारी

विहीणबाई,

काल लेकीचा फोन आला. तिला गाडीचं माहीत होतं. रंगही माहीत होता. मी कुठल्या बाजूला बसले तेही माहीत होतं. जावई मागे हसत होते.

मग हसणं संपल्यावर तिने विचारलं, “आई, तुला आमच्याकडे यायचंच नाही का?” मी म्हटलं, गाडीचा आणि त्याचा काय संबंध. खोटं बोलले.

ही गोष्ट मी एकाच माणसाला लिहिली होती.

पत्रं लिहायची आपली ही पद्धत बरी नव्हे असं दिसतं. फोनवर भेटूच.


२ मार्च

विहीणबाई,

फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून तुम्ही नको म्हटलंत तरी लिहिते. उघडलंत तर उपकार.

जेवताना सांगितलं. सूनबाई दमून आली होती, मुलगा मोबाइलमध्ये, चिमणी भात चिवडत होती. मी म्हटलं, ‘आज एक गंमत झाली.’ आणि तुम्ही शेजारच्या सीटवर बसलात ते सांगितलं. मुलाने मोबाइल खाली ठेवला. सूनबाई हसता हसता डोळे पुसायला लागली. चिमणी म्हणाली, ‘आजी, परत सांग.’ मी परत सांगितलं. कितीतरी दिवसांनी टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघत होते.

जीभ घसरली असं लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवाल. तशी ती घसरली नव्हती. हे ऐकलं की सूनबाई तुम्हाला फोन करणार, आणि तिने विचारलं की तुम्ही गाडी घेणार नाही, हे मला बोलता बोलताच दिसत होतं. तरी मी थांबले नाही. इतकी वर्षं खिडकीवर बसून मी कधी चुकीची बाटली कुणाच्या हातात दिली नाही. ही दिली, आणि लेबल वाचून दिली.

आता सगळंच लिहिते. ‘घरच्या दृष्टीने’ म्हणून जे जे लिहिलं, ते घराचं नव्हतं. खोलीत डोकावते ती सूनबाई नाही, मी. ती बिचारी आली की आधी कुकर लावते. पडदे चिमणीने निवडले हे खरं, पण रंग द्यायला मुलाच्या मागे मी लागले. मागच्या बाल्कनीत एक खुर्ची होती, तिथे आणखी एक आणून ठेवली आहे. तुमच्यासाठी.

मुलगा, सून चांगली आहेत, माझं काही दुखत नाही की खुपत नाही. सकाळी आठला दार लागतं, मग चिमणी येईपर्यंत घरात मी आणि फ्रीज. तो मध्येच घरघरतो, तेव्हा मला बरं वाटतं. खिडकीवर होते तेव्हा दिवसाला शंभर माणसं माझ्याशी बोलायची. आजारी, चिडलेली, घाईतली, पण बोलायची. तुम्ही येणार म्हटल्यावर मी मनात दिवस आखून ठेवले होते. चहा कधी, फिरायला कधी, कुठल्या गोष्टीवरून आपलं वाजेल तेसुद्धा.

आणि गुडघे. ते दुखतात, पण बालवाडीपर्यंत जाण्याइतके ठीक आहेत. पेटी बालवाडीच्या पुढे आहे, तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलंच असेल. गुडघे बरे आहेत असं सांगितलं तर तुमची गरज उरणार नाही, म्हणून मी ते दुखवत ठेवले. या भानगडीत चिमणी लोकांच्या भरवशावर राहिली. त्याची मला जास्त लाज वाटते. आज जेवताना मुलाला सांगणार आहे की सोमवारपासून तिला मी आणेन.

गाडी घ्या. हे या वेळी माझंच मत आहे.

तुमची विहीण,
जर अजून असेन तर


१४ मार्च

विहीणबाई,

नातं कागदावर फाडून टाकता येतं असं तुम्हाला वाटलं की काय? आपली नात एकच आहे. ती असेपर्यंत तुमची सुटका नाही.

पत्र उघडायला मला तीन दिवस लागले हे कबूल करते. उघडल्यावर पहिल्यांदा राग आला, आणि दुसऱ्यांदा वाचताना तो फ्रीज घरघरायला लागला. मग रागाला जागा उरली नाही. गुडघ्यांचं म्हणाल तर पहिल्याच पत्रात माझ्या लक्षात आलं होतं. चढावर क्लच धरून गाडी थोपवून ठेवणारे शिकाऊ मी रोज बघते. पुढे जायला भीती, मागे जायला लाज. त्यांना मी ओरडत नाही, तुम्हाला का ओरडू?

एक मात्र खरं, की मला तुमच्या दिवसाची कधी कल्पनाच आली नाही. फोनवर तुम्ही ‘नमस्कार सांगा’ म्हणायचात आणि मी समजायचे, बाई मितभाषी आहेत, थोड्या ताठ आहेत. लग्नातही मला तसंच वाटलं होतं. आता बोललेच आहे तर हेही सांगून टाकते.

रविवारी मी परत गेले. दंतवैद्यांनी या वेळी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि स्वतः आधी शेजारी जाऊन बसले, म्हणजे प्रश्न मिटला. बहुतेक त्यांना सगळं कळलं होतं. दात बघणारी माणसं तोंड उघडण्याआधीच ओळखत असतील.

मी बसले. सीट पुढे घेतली. आरसा माझ्याकडे वळवला. गाडी सुरू केली आणि पहिल्याच गियरला बंद पडली. माझी गाडी बंद पडली, विहीणबाई. दंतवैद्य शांतपणे समोर बघत राहिले. मी शिकाऊंना जे सांगते ते स्वतःला सांगितलं आणि पुन्हा सुरू केली.

शहराबाहेर पाण्याच्या टाकीपाशी एक गोल चौक आहे. तिथे पोचलं की मी प्रत्येकाला म्हणते, ‘इथून मागे वळा.’ तास बरोबर तेवढ्यात बसतो. जो कुणी माझ्याकडे शिकला तो त्या टाकीपर्यंत आला आणि मागे वळला. मीही त्याच्याबरोबर. परवा टाकी आली, माझ्या तोंडात वाक्यही आलं, पण ते कुणाला म्हणणार? मी सरळ गेले. पलीकडे विशेष काही नाही. सिमेंटचे पाइप रचून ठेवलेली एक वखार आहे, मग शेतं, मग एक लांब सपाट रस्ता. वारा कानात शिरत होता. पाय उगाच काही शोधत नव्हते, जिथे हवे तिथे होते. माझ्या शेजारी दंतवैद्य मात्र दर वळणाला नसलेला ब्रेक दाबत होते. ते बघून मला इतकं बरं वाटलं, की वाईट वाटलं.

परत आल्यावर त्यांना मी आणि शेजाऱ्यांनी मिळून बाहेर काढलं. उभे राहिल्यावर त्यांनी गाडीच्या बॉनेटवर एकदा हात ठेवला. म्हणाले, “हिला गॅरेजमध्ये उभी ठेवू नका. माझ्याकडून तेच झालं.”

त्या संध्याकाळी लेकीला फोन केला. म्हटलं, आधी तो स्पीकर बंद कर आणि गच्चीत जा. गेली. तिला सांगितलं, “मला तुमच्याकडे यायचंय गं. यायचंय, राहायचं नाही.”

तिने नाक ओढलं. मला वाटलं रडते आहे. मग म्हणाली, तिलाही भीतीच वाटत होती. गाडी शिकवताना मी तिला प्रत्येक वळणावर जे बोलायचे, ते आता स्वयंपाकघरात ऐकावं लागेल म्हणून. पण आईला येऊ नको कसं म्हणायचं, आणि सासूबाई तर इतक्या वाट बघत होत्या. म्हणजे बघा, तिघी एकमेकींसाठी ठरवत होतो आणि तिघींनाही वेगळंच हवं होतं. शेवटी ती म्हणाली, चिमणीला आता सासूबाई आणतात, गुडघे एकाएकी कसे बरे झाले कळत नाही. मी म्हटलं, औषधवाल्या आहेत, त्यांच्याकडे असेल काहीतरी.

गाडी घेतली. पांढरी मिस्त्रींनी घेतली, त्यांच्या पुतण्याला शाळा काढायची आहे. शिकवणारीचा ब्रेक तसाच राहू दिला.

आता तुमच्याविषयी. तुमच्या गावापर्यंत तीन तासांचा रस्ता आहे. एप्रिलपासून मी दर बुधवारी येणार आहे. सकाळी येईन, संध्याकाळी परत जाईन. बुधवारी चिमणीला तिचा बाप आणेल, लेकीने तसं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. चिमणीला गाडीत जागा नाही म्हणून ती फुगेल, तिला फुगू द्या. बाल्कनीतल्या खुर्चीवर मी चहापुरती बसेन. त्यानंतर आपण दोघींनी बाहेर जायचं. कुठे ते तुम्ही ठरवायचं. तीस वर्षं लोकांनी तुमच्या खिडकीवर यायचं आणि तुम्ही आत बसायचं, तसं आता नको.

अट एकच. शेजारी बसल्यावर पाय दाबायचे नाहीत.

तुमची,
ड्रायव्हर


११ एप्रिल

ड्रायव्हरबाई,

बुधवारी तुम्ही इथेच होतात, तेव्हा तेच तुम्हाला परत कळवणं म्हणजे वेडेपणा. पण तुम्हाला न दिसलेलं एक आहे, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

चहा झाला. तुम्ही म्हणालात, ‘मी गाडी वळवून ठेवते, तुम्ही या.’ मला उशीर झाला, मला माहीत आहे. स्कार्फ सापडेना. मग पिशवीत पोटाची गोळी, डोकेदुखीची गोळी आणि गाडी लागण्याची गोळी घातली. दाराला कुलूप लावणार तर सूनबाई म्हणाली, आई, मी घरातच आहे. तिने सुट्टी घेतली होती, चिमणीलाही बालवाडीला पाठवलं नव्हतं. आपल्याला निघालेलं बघायला घेतली होती, हे तिने तुम्हाला सांगितलं नाही.

मी बाहेर आले तर गाडी तयार, छत उघडं, आणि तुम्ही पट्टा लावून समोर बघत बसलेल्या. शेजारच्या सीटवर.

मी उभी राहिले. आधी वाटलं, ही तुमची गंमत आहे. मग तुमचा चेहरा बघितला. गंमत नव्हती. दार वाजवून तुम्हाला सांगता आलं असतं. पण मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी गाडीला वळसा घातला आणि जी सीट उरली होती तिच्यावर बसले. फार खोल आहे हो ती. बसले नाही, पडले.

तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘आरसा नीट करा.’ मी केला. ‘सीट पुढे घ्या.’ तो दांडा कुठे आहे ते शोधून घेतली. ‘दोन्ही हात चाकावर.’ ठेवले. ‘आता डावा पाय—’ आणि तुम्ही थांबलात, आणि माझ्याकडे बघितलंत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. हसून हसून माझी गाडी लागण्याची गोळी वाया गेली. सूनबाई बाहेर धावत आली, तिला वाटलं कुणाला तरी काही झालं. चिमणी फुगायचं विसरली. मग आपण बाजू बदलल्या आणि गेलो, आणि नदीवरच्या त्या पुलापर्यंतचा रस्ता मी जन्मात विसरणार नाही. पण तो तुमचा रस्ता होता. मी सांगायला बसले आहे ते त्या आधीचं.

तुम्ही ‘आरसा नीट करा’ म्हणालात तेव्हा मी तो हलवला, आणि त्यात आमची खिडकी आली. पुढच्या खोलीतली. मुलाकडे आल्यापासून मी तिथेच बसते. आधी औषधांची खिडकी, नंतर ही. रस्त्यावर कोण येतं, कोण जातं, सगळं मला पाठ आहे. पण रस्त्यावरून ती खिडकी मी कधी बघितली नव्हती. पडदा अर्धा सरकलेला, आत खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर माझी शाल. आणि खुर्चीत कुणी नाही. मला कळेचना की ती बाई गेली कुठे.

तेवढ्यात तुम्ही ‘डावा पाय’ म्हणालात.

बाल्कनीतली दुसरी खुर्ची तशीच आहे. चिमणी तिच्यावर बसू बघते, मी बसू देते, फक्त बुधवारी नाही. मागच्या खोलीत सूनबाई ऑफिसचं काम घेऊन बसते, बदकांसकट. गुडघे ठीक आहेत.

पुढच्या बुधवारी जरा जपून बसा. पण चुकून परत त्याच बाजूला बसलात, तर मी तुम्हाला सांगणार नाही. मुकाट्याने फिरून येईन, आरसा नीट करीन, सीट पुढे घेईन. डाव्या पायाचं पुढे काय करायचं, तेवढं वाक्य मात्र पुरं करा.

तुमची विहीण